मुंबई-गोवा महामार्ग कोकणी माणसाने अडवलेला नाही

परवा संगमेश्वरला काकांनी मोबाइल पुढे केला. ‘महामार्ग रखडला तो कोकणी माणसामुळे. जमिनी देत नाहीत, कोर्टात जातात. त्यात डोंगर आणि पाऊस, सरकार तरी काय करणार? तरी आता रस्ता पूर्ण झालाय.’ मेसेज मुंबईच्या आतेभावाने, म्हणजे दादाने पाठवलेला. काका गप्प होते. त्यांची हापूसची अकरा कलमं आणि पडवीचा कोपरा याच रस्त्यात गेलाय. म्हणून मी बोलते.

जमिनीचंच आधी घेते, कारण तेच मनाला लागलं. रायगड जिल्ह्यातले पळस्पे ते इंदापूर हे ८४ किलोमीटर २०११ मध्ये चौपदरी करायला घेतले. तिथे ठेकेदाराचे पैसे अडकले, काम थांबलं, शेवटी ठेका दुसऱ्यांना द्यावा लागला. यात कुठल्या शेतकऱ्याने काय अडवलं? आमच्याकडे आरवली ते वाकेडच्या पट्ट्यातही ठेकेदार बदलावे लागले. काकांची जमीन ताब्यात गेली, कलमं तोडली, आणि पुढे कितीतरी पावसाळे त्या जागेत रानमोडी माजली होती. ज्याने डोळ्यांसमोर कलमं तोडू दिली, त्याला ‘जमीन देत नाही’ म्हणायचं?

एक मान्य करते. चिपळूणजवळच्या परशुराम घाटात जमिनीच्या मोबदल्यावरून देवस्थान, खोत आणि कुळं यांच्यात वाद झाला, तो कोर्टात गेला आणि तिथलं काम अडलं. पण भांडण पैसे कुणाला मिळणार याचं होतं, रस्ता नको असं कुणीच म्हणत नव्हतं. आणि एका घाटाचं खापर अख्ख्या कोकणावर फोडायचं?

डोंगर आणि पावसाचं उत्तर तर दादा ज्या रेल्वेने गावाला येतो त्या रेल्वेतच आहे. कोकण रेल्वेची कंपनी १९९० मध्ये स्थापन झाली, आणि जानेवारी १९९८ मध्ये रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. नव्वदच्या वर बोगदे, हाच पाऊस, हेच डोंगर. जमिनीही याच लोकांच्या. महाडला सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, एसटीतली माणसं गेली. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. म्हणजे मनावर घेतलं की होतं.

‘पूर्ण झालाय’ याबद्दल काय सांगू? सिंधुदुर्गातला रस्ता खरंच चांगला झालाय, कशेडीचा बोगदाही झाला. पण डिसेंबर २०२३ ची मुदत जाहीर झाली होती, तीही टळली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चिपळूणचा उड्डाणपूल बांधता बांधताच कोसळला.

दादा, यंदा गणपतीला रेल्वेने नको, गाडी घेऊन रस्त्याने ये. घरी पोचलास की तो मेसेज काकांसमोर बसून मोठ्याने वाच.