एका 'ला'मागचे तीन शब्द: आपल्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार सर,

वेळ सांगताना इंग्रजीत ऑन, इन आणि अ‍ॅट कधी वापरावे, यावरच्या माझ्या लेखाला आपण प्रतिक्रिया दिलीत.

'वाराला ऑन, महिन्याला इन, घड्याळातल्या वेळेला अ‍ॅट असे सूत्र देता. मग इन द मॉर्निंग आणि ऑन मंडे मॉर्निंग ही दोन्ही बरोबर कशी? मुलांना अर्धवट सूत्रे देऊ नका, अर्थ कळला की पुरे,' असा आपला आक्षेप आहे. सूत्र अपुरे मांडले गेले हे मला मान्य आहे. ते टाकून द्यावे, हे मात्र मान्य नाही.

नुसती सकाळ असेल तर इंग्रजीत इन येते. तिला ठरावीक वार किंवा तारीख जोडली, की ती सकाळ त्या दिवसाची होते आणि दिवसाचे ऑन घेते. अ‍ॅट नाइट पाठच करावे लागते. पण वार जोडताच रात्रसुद्धा ऑन मंडे नाइट होते.

हे शिकवताना मी आधी मराठी वाक्य घेते. 'नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अस्तित्वात आला' यातील 'रोजी'ला ऑन, '1998 साली' म्हटले तर इन, आणि 'दहा वाजता'मधील 'वाजता'ला अ‍ॅट. लेखी मराठीत हे तिन्ही शब्द वेगळे असतात, पण बोलताना आपण 'जूनला शाळा उघडते', 'पंधराला झेंडावंदन', 'दहाला गाडी' असे सगळीकडे 'ला' लावतो, आणि मुलांचा गोंधळ नेमका तिथे होतो.

अमेरिकन बोलण्यात वारापूर्वीचे ऑन गळते, हे आपले म्हणणे खरे आहे. तरीही अर्जात आणि परीक्षेत ते लिहावे असे मी सांगते. नेक्स्ट, लास्ट किंवा एव्हरी आले, की मात्र ते लिहूच नये. 'ऑन नेक्स्ट मंडे' मला आजही कित्येक अर्जांत दिसते.

'अर्थ कळला की पुरे' याविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याच्या मुलाने परप्रांतातील खरेदीदाराला लिहिलेले पत्र मला दाखवले होते. 'माल सोमवारपर्यंत तयार होईल' असे त्याला कळवायचे होते आणि त्याने 'रेडी अंटिल मंडे' लिहिले. माल आताच तयार आहे आणि सोमवारनंतर मिळणार नाही, असे समजून खरेदीदाराने घाईने ट्रक पाठवला. तो शनिवारीच बांधावर येऊन उभा राहिला, तेव्हा घड अजून झाडावरच होते, आणि ट्रक थांबवून ठेवल्याचे दोन दिवसांचे भाडे घरच्यांना भरावे लागले. आपल्या 'पर्यंत'मध्ये मुदतही येते आणि तोवर चालू राहणारी स्थितीही येते. इंग्रजीत मुदतीला बाय लागते आणि चालू राहण्याला अंटिल. त्या मुलाला बाय मंडे लिहायचे होते.

मूळ लेखात 'पर्यंत'चा हा भाग नव्हता. तो आज जोडला आहे, आणि ऑन मंडे मॉर्निंगचा खुलासा सूत्राच्या लगेच खाली घातला आहे.