एसीतला गॅस ‘संपत’ नसतो

मार्च उजाडला की सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा आमच्याकडे तो एका दिवसात तीन वेळा आला. मजकूर थोडक्यात असा: ‘एसीतला गॅस दर उन्हाळ्यात संपतो, आताच भरून घ्या. पाणी ठिबकत असेल तर समजा गॅस गळतोय. खोली पटकन गार करायची तर १६ वर लावा. एसी बाहेरची ताजी हवा आत आणतो, खिडकी उघडायची गरज नाही. मेकॅनिकला पैसे कशाला, गॅसचा कॅन ऑनलाइन मिळतो, घरीच भरा.’ यातलं एकही वाक्य खरं नाही, आणि शेवटचं तर जिवावर बेतू शकतं.

आधी गॅस संपण्याबद्दल, कारण लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. हा गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे. तो खर्च होत नाही, तांब्याच्या बंद नळ्यांमध्ये तोच तो फिरत राहतो. बाहेरच्या युनिटमधला कॉम्प्रेसर त्याला दाबतो तेव्हा तो तापतो. कंडेन्सरच्या जाळीत पंख्याच्या वाऱ्यावर ती उष्णता टाकून त्याचा द्रव होतो. मग कॅपिलरीच्या बारीक नळीतून किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून सुटला की दाब एकदम उतरतो, आणि आतल्या कुलिंग कॉइलमध्ये खोलीची उष्णता शोषून तो पुन्हा वायू होतो. फ्रिजमध्येही हेच चालतं. फ्रिजमध्ये आपण दरवर्षी गॅस भरतो का?

डोंबिवलीच्या माझ्या मावशीने मात्र सलग तीन उन्हाळे एसीत भरला. चौथ्या वर्षी आम्ही दुसऱ्या मेकॅनिकला बोलावलं. आउटडोअरला तांब्याच्या नळ्या जिथे नटाने जोडतात, तिथे जाड नळीच्या नटाखाली काळा तेलकट डाग होता. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं, म्हणून गळती असते तिथे बऱ्याचदा तेल दिसतं. त्याने ब्रशने साबणाचा फेस लावला. आधी काहीच नाही. मग नटाच्या कडेला मोहरीएवढा बुडबुडा आला, फुगला, फुटला, लगेच दुसरा आला. मावशी तोंडाला पदर लावून बघत राहिली. त्याने नळीचं तोंड कापून नवं फ्लेअर केलं, म्हणजे नटात घट्ट बसेल असं तोंड कर्ण्यासारखं पसरवलं, नायट्रोजनने दाब तपासला, व्हॅक्युम पंपाने आतली हवा आणि ओल काढली आणि गॅस वजनकाट्यावर मोजून भरला. किती ग्रॅम भरायचा ते आउटडोअरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. त्याला दोन उन्हाळे झाले, पुन्हा गॅस भरावा लागलेला नाही.

तेव्हा कुणी ‘गॅस कमी झालाय’ म्हणालं तर ‘गळती कुठे आहे ते दाखवा’ असं सरळ विचारा. समुद्राजवळ खाऱ्या हवेने कॉइल लवकर कुजते, तिथे गळती खरोखर वारंवार होते. पण तीही शोधावीच लागते. आणि थंडावा कमी झाला म्हणजे गॅसच गेला असं नाही. आधी आतल्या युनिटमधली फिल्टरची जाळी काढून नळाखाली धुवा. धुळीने जाळी बुजली की हवा अडते, कॉइलवर बर्फसुद्धा धरतो.

पाण्याचा गॅसशी थेट संबंध नाही. गार पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून दव धरतं तसं हवेतलं बाष्प गार कॉइलवर धरतं, ट्रेमध्ये उतरतं आणि ड्रेन पाइपने बाहेर जातं. मुंबईच्या दमट रात्री त्याने बादली भरते. बाहेर पडणारं पाणी एसी नीट चालल्याची खूण आहे. घरात भिंतीवरून ओघळ आला तर बहुतेक वेळा पाइप तुंबलेला असतो.

१६ चा आकडा म्हणजे कुठे थांबायचं ते. साध्या एसीचा कॉम्प्रेसर चालू किंवा बंद, एवढंच जाणतो. १६ असो वा २४, चालतो त्याच ताकदीने. इन्व्हर्टर एसी वेग बदलतो, पण खोली तापलेली असेल तेव्हा २४ वरही तो जोरातच धावतो. १६ वर तो थांबतच नाही, बिल तेवढं वाढतं. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या एसींना सुरुवातीचा आकडा २४ ठेवण्याचा नियम आहे, तो उगाच नाही.

बाहेरची हवा? घरातला नेहमीचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. भिंतीतल्या भोकातून नळ्या, वायर आणि ड्रेन पाइप जातात, हवा नाही. दार-खिडक्या लावून चौघं झोपली की सकाळी डोकं जड होतं ते त्यामुळेच. झोपण्याआधी थोडा वेळ खिडकी उघडा.

आता तो कॅन. एसीत भरतात त्या गॅसांपैकी आर-३२ पेट घेऊ शकतो. आर-२९० तर प्रोपेनच, चटकन पेटणारा. आर-४१०ए चा दाब जुन्या आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतो. चुकीचा गॅस किंवा नळीत शिरलेली हवा कॉम्प्रेसरची वाट लावते. ज्यांनी हा मेसेज पुढे ढकलला त्यांना मी हात जोडून सांगतो, निदान ती शेवटची ओळ तरी आज काढून टाका. ग्रुपवर विशीतली मुलंही आहेत, आणि त्यांच्या हातात पाना आहे.