पुनर्मूल्यांकन

इंदूरमध्ये पत्ता टॉकीजवरून सांगतात. रीगलवरून वळा, मधुमिलनला सिग्नल लागेल, सपना-संगीता रोडला आलात की फोन करा. रीगलचा पडदा केव्हाच मिटला, पण चौक रीगलचाच राहिला. अशा गावात जुना सिनेमा टिकला की नाही हा प्रश्न निघायलाच नको. पण आमच्या घरात तो निघाला, कारण पुण्याहून सुट्टीवर आलेली लेक जेवता जेवता म्हणाली, "तुमचे ते जुने सिनेमे आता बघवत नाहीत."

"बघवत नाहीत म्हणजे?" ह्यांनी विचारलं. "शंभरपैकी किती?"

हे गणिताचे मास्तर. नोकरी संपली, लाल पेन संपलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांवर जीरावन मसाला पडायच्या आत वहीत रकाने आखून झाले होते. सिनेमाचं नाव, साल, पूर्वीचे गुण (आठवणीनुसार), आताचे गुण, शेरा. तेहेतीसच्या खाली नापास. एकदोन गुणांनी राहिला तर ग्रेस. फारच वाद झाला तर पुरवणी परीक्षा, म्हणजे मध्यंतरापासून परत बघायचा.

परीक्षा म्हटली की ह्यांना मंडळ लागतं. मंडळावर सासूबाई, लेक, आणि रामबागेतून स्कूटरवर येणारे मोठे दीर, म्हणजे दादा. दादा येताना सेव आणतात. मला मंडळावर घेतलं नाही. मी केंद्र व्यवस्थापक. केंद्र व्यवस्थापकाची कामं दोन, चहा करणे आणि सिनेमा शोधणे. त्यातलं चहा हे सोपं. सिनेमा नेहमी त्याच ॲपवर असतो ज्याचे पैसे आपण भरलेले नसतात, आणि फुकट जिथे सापडतो तिथे तो दोन्ही बाजूंनी कापलेला, खाली केबलवाल्याचा फोन नंबर सरकत असलेला, आणि नायिकेचं तोंड हललं की जरा वेळाने आवाज येणारा असा असतो. ह्या शेवटच्या गोष्टीबद्दल सासूबाईंची तक्रार नाही. त्यांनाही ऐकू जरा वेळानेच येतं.

सुरुवात 'शोले'ने झाली. दादांनी दुसरं काही चालूच दिलं नसतं. तीन तासांहून लांब असलेला हा सिनेमा 1975 साली लोकांनी एकाच मध्यंतरावर बघितला. आमच्याकडे तो दिवाळी अंकासारखा वाचला गेला, कुणी कुठूनही उघडायचा, मध्येच बोट ठेवून उठायचं. टॉकीजमध्ये उठून गेलेल्या माणसासाठी सिनेमा थांबत नसे, म्हणून माणूस उठत नसे. आता रिमोटवर थांबवायचं बटण आहे आणि घरात सगळ्यांना एकेकट्याने लघवीला जायचं असतं. गब्बरने "कितने आदमी थे?" विचारलं आणि सासूबाई म्हणाल्या, "थांबव गं. खरंच, किती जणांचा टाकू सांग, साखर बेताचीच आहे." पाच आदमी होते. पाच कप झाले.

सूरमा भोपाली आला तेव्हा दादा खुलले. जगदीप हे आपल्याच मध्य प्रदेशातल्या दतियाचे, पण पात्र भोपाळचं. "बढाया बघा कशा मारतोय. भोपाळचा अगदी अस्सल आहे," असं म्हणून दादांनी परस्पर पाच गुण वाढवले. मग गब्बरने होळीची तारीख विचारली. ह्यावर मात्र गुण कापावेत असं सगळ्यांचं एकमत झालं. इंदूरचा दरोडेखोर असता तर त्याने होळी विचारली नसती, रंगपंचमी विचारली असती. राजवाड्याला गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते तेव्हा अख्खं गाव बेसावध असतं.

आणि मग शेवट आला. ठाकूर गब्बरला तुडवतो, ऐन वेळी पोलीस येतात, गब्बर जिवंत पकडला जातो.

"हे काय?" दादा उठून उभे राहिले. "पोलीस कुठून आले? ठाकूर त्याला खिळ्यांच्या बुटांनी मारून टाकतो. मी पाहिलंय. टॉकीजमध्ये. बाल्कनीत."

आता ह्यातली गंमत अशी, की दादा सगळेच चुकत नव्हते. मूळ शेवट तसाच चित्रित केला होता. ते आणीबाणीचे दिवस होते. निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात (किंवा पायात) घेतलेला सेन्सॉरला चालेना, म्हणून शेवट बदलून पोलीस आणले. टॉकीजमध्ये पोलीसवालाच सिनेमा लागला. खिळ्यांचा शेवट पुढे व्हिडिओ कॅसेटींतून फिरला. लेकीने हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. हे म्हणाले, "दादा, तो तू गणपतीत बघितलास. गल्लीत भाड्याचा व्हीसीआर आणला होता तेव्हा." दादा म्हणाले, बाल्कनीच्या खुर्चीचा खिळा मला टोचला होता तोसुद्धा आठवतोय. "खुर्चीचा खिळा वेगळा, बुटाचा खिळा वेगळा," असं ह्यांनी गणितासारखं सोडवून दाखवलं, पण दादांनी उत्तर मान्य केलं नाही. शेऱ्याच्या रकान्यात ह्यांनी लिहिलं, 'निकाल राखून ठेवला.' तो सिनेमा नंतरच्या जेवणापर्यंत, आणि मग दादांच्या स्कूटरला किक बसेपर्यंत चालला. आमच्याकडच्या 'शोले'ची लांबी साधारण साडेपाच तास धरावी.

'हम आपके हैं कौन'च्या वेळी लेकीने रिमोट ताब्यात घेतला आणि वेग दीडपट केला. चौदा गाणी आहेत, दुसरा उपाय नाही, असं तिचं म्हणणं. दीडपट वेगात तो सिनेमा फार उद्योगी वाटतो. साध्या वेगात बघितला तर लक्षात येतं की त्या घरात कुणी कामालाच जात नाही. कारखाना आहे म्हणतात, पण मालक दिवसभर गातात आणि क्रिकेट खेळतात, पंच म्हणून कुत्रा. 1994 साली मला ह्यातलं काही दिसलं नव्हतं. मी तेव्हा फक्त जांभळी साडी बघत होते आणि तशीच राजवाड्याच्या बाजारात कुठे मिळेल ह्याचा विचार करत होते.

लेकीचा मुद्दा वेगळाच होता. "निशाला वाटतं लग्न प्रेमशी ठरतंय, आणि ठरतंय राजेशशी. एवढी माणसं घरात, एवढे पेढे वाटले, आणि नवऱ्या मुलाचं नाव कुणी एकदाही घेतलं नाही? तिला कुणी विचारलंच नाही?"

"आम्हाला तरी कुठे विचारलं होतं," सासूबाई सेव निवडत म्हणाल्या. "मला तर वाटलं होतं, पाटावर बसलेला तो ह्यांचा धाकटा भाऊ असेल. तो उंच होता."

दीडपट वेगातला सिनेमा आपोआप थांबला. म्हणजे लेकीने थांबवला. आजोबांच्या फोटोकडे सगळ्यांनी एकदा बघून घेतलं. "मग?" लेक म्हणाली. "मग काय. आमच्याकडे कुत्रा नव्हता," सासूबाई म्हणाल्या.

त्यांच्या आग्रहाने 'माहेरची साडी' झाला. 1991 साली हा सिनेमा बघायला बायका पिशवीत जादा रुमाल घेऊन जात. मीही रडले होते. ह्या वेळी अलका कुबलच्या डोळ्यांतून पाणी आलं की लेक हसायची, लेक हसली की मला राग यायचा, आणि राग आल्यामुळे रडू येईना. सासूबाई मात्र एकाग्र होत्या. उषा नाडकर्णींनी रंगवलेली सासू जे काही करत होती ते बघून त्या म्हणाल्या, "बाई वाईट आहे, पण तोंडावर बोलते हो." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे का बघितलं ते मी विचारलं नाही. गुण किती पडले तेही विचारलं नाही, चहा टाकायला गेले.

ह्यावर लेकीचा समज असा की नवा सिनेमा तरी बिनधास्त पास होईल. तिने मोठ्या विश्वासाने 'थ्री इडियट्स' लावला. 2009चा. तो आला तेव्हा ती लहान होती, आमच्या बरोबर बसून खिदळली होती. चतुरच्या भाषणात शब्द बदलून ठेवतात तो प्रसंग आला. तेव्हा अख्खं थिएटर गडाबडा लोळत होतं, आणि आता सोफ्यावर कुणी सेवसुद्धा चावेना. लेक फोनमध्ये बघू लागली, हे छताकडे. 'शोले'तल्या बेलबॉटमचं आपल्याला हसू येतं, ते चालतं. पण आपण ज्याला हसलो त्याचं हसू येईनासं झालं की कुठे बघावं कळत नाही. ह्यांनी मुकाट्याने वीस गुण कापले आणि कारण लिहिलं नाही. ज्या माणसाने दशांश चिन्ह चुकलं म्हणून पोरांना अर्धं पान समजावून लिहिलं, त्याने कारण लिहिलं नाही.

'स्त्री' बरा गेला. 2018चा आहे, एवढ्यात काय नापास होणार. गोष्ट चंदेरीत घडते, म्हणून सासूबाई साड्या बघायला बसल्या. भूत त्यांनी दुर्लक्षलं. नायक नुसत्या नजरेने बाईचं माप घेणारा शिंपी आहे हे कळल्यावर मात्र त्या सरसावल्या. आमच्या कोपऱ्यावरचा शिंपी फीत लावून, दोनदा मोजून, ब्लाऊज दुसऱ्या कुणाच्या तरी मापाचा शिवतो. "ह्याचा पत्ता काढ," असं त्यांनी मला सांगितलं.

'अशी ही बनवाबनवी'ची परीक्षा होऊच शकली नाही. सगळे संवाद पडद्याच्या आधी सोफ्यावर होत होते. "धनंजय माने इथेच राहतात का?" हे वाक्य दादा, हे आणि लेक एकदमच म्हणाले, त्यामुळे पडद्यावर कोण म्हणालं ते ऐकूच आलं नाही. माझा जुना समज असा होता की हा सिनेमा लक्ष्या-अशोकच्या जोरावर टिकला. ह्या वेळी बघताना वाटलं, त्याला खरं घरमालकांनी टिकवलंय. 1966 साली हृषीकेश मुखर्जींनी 'बीवी और मकान' काढला तेव्हा बिनलग्नाच्या पोरांना खोली मिळत नव्हती. 1988 साली त्यावरून 'बनवाबनवी' निघाला, तेव्हाही नव्हती. आज भंवरकुआंला जाऊन बघा. कोचिंगला आलेली पोरं पाठीला दप्तर लावून दारोदार फिरत असतात आणि फाटकावर पाटी असते, 'मकान किराये से देना है, सिर्फ फैमिली को.' आमच्याही वरच्या मजल्याला तीच पाटी आहे. ह्यांच्याच अक्षरात, लाल पेनाने. साडी नेसलेले दोन जण पडद्यावर धावत होते आणि हे पोट धरून हसत होते. लेकीने पाटीचा विषय काढल्यावर ह्यांनी घोषित केलं की परीक्षकाचे हितसंबंध गुंतले असल्याने हा पेपर दुसऱ्या केंद्रावर तपासला जाईल.

'कुंकू' कुणी सुचवला ते आठवत नाही. 1937चा, प्रभातचा, शांतारामबापूंचा. दादा म्हणाले, "एवढा जुना? ह्याला तर वयाची सवलत द्यावी लागेल." त्या सिनेमात पार्श्वसंगीत नाही, नुसते घरातले आवाज आहेत, आणि भिंतीवरचं एक मोठं घड्याळ. सासूबाई दोनदा म्हणाल्या, "आपल्या घड्याळाचा सेल काढ, फार टिकटिकतंय." सेल काढला. टिकटिक चालूच राहिली, तेव्हा कुठे ती सिनेमातल्या काकासाहेबांच्या घरची आहे हे कळलं.

शांता आपटेंची नीरा. मामाने फसवून म्हाताऱ्या बिजवराशी लग्न लावून दिलेलं. ती रडत बसत नाही. हे लग्न मला मान्य नाही म्हणते आणि म्हातारा खोलीपाशी आला तरी ऐकत नाही. वात्रट सावत्र मुलाला चोपते. मध्येच चक्क इंग्रजी कविता गाते, लाँगफेलोची. ज्या कादंबरीवरून सिनेमा काढला तिचं नाव 'न पटणारी गोष्ट'. लेकीने वेग आपणहून साधा केला होता. फोन पालथा होता. दादांच्या हातात सेवेची मूठ तशीच.

"मला का नाही कुणी दाखवला हा?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या जन्माच्याही आधीचा दिसतोय."

"दाखवला असता तर काय केलं असतंस, आजी?"

सासूबाईंनी ह्यांच्याकडे बोट केलं. "तर हा इथे बसून गुण देत नसता."

ह्यांनी अठ्ठ्याण्णव दिले. दोन का कापले म्हटल्यावर म्हणाले, भाषेच्या पेपरला पैकीच्या पैकी देत नसतात.

इथे दादा खवळले. कोल्हापूर-पुण्याच्या सिनेमाला अठ्ठ्याण्णव, आणि इंदूरच्या पोराला नापास? हे इंदूरचं पोर म्हणजे सलमान खान. 1965 साली इथेच जन्मला, आणि त्याच्या 'मैंने प्यार किया'ला ह्यांनी एकतीस दिले होते. लेकीच्या मते मुलगा आणि मुलगी कधी मित्र असूच शकत नाहीत ह्या एका वाक्यावर तीन तास काढणं हा वेळेचा अपव्यय, आणि टपालाला कबुतर वापरणं हा पक्ष्याचा. दादा पुढच्या रविवारी सेवेबरोबर एक कागद घेऊन आले. फेरतपासणीचा अर्ज. नायक इंदूरचा. गाणारी लता मंगेशकर, जन्म इंदूर, 1929. म्हणजे एकाच सिनेमात दोन स्थानिक उमेदवार, सबब दोन गुण ग्रेसचे मिळावेत. जॉनी वॉकरही जन्माने इंदूरचे असल्याने त्यांच्या सगळ्या सिनेमांना सरसकट पाच. किशोरकुमार इथल्या ख्रिश्चन कॉलेजात शिकला, म्हणून त्यालाही काहीतरी.

ह्यांनी चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला. पहिल्या दोघांचे मूळ निवासी दाखले जोडा म्हणाले. जॉनी वॉकरचं प्रकरण विचाराधीन.

"आणि किशोरकुमार?"

"तो खंडव्याचा. शिवाय कॉलेजच्या कँटीनची उधारी बाकी ठेवून गेला म्हणतात, पाच रुपये बारा आणे. आधी नो-ड्यूज आणा."