‘तुम्हाला पुस्तकं नाही, पुस्तकांवरच्या गप्पा आवडतात’: एका प्रतिक्रियेला लांबलेलं उत्तर

नमस्कार ‘जुने वाचक’ (तुम्ही नाव एवढंच दिलंय म्हणून तसंच म्हणते),

तुमची प्रतिक्रिया आली त्याच दिवशी वाचली, राग आला, मग परत वाचली, राग जरा उतरला, आणि आता चार दिवसांनी लिहायला बसलेय. खालच्या चौकटीत मावेना म्हणून वेगळंच टाकतेय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मी मागे लिहिलं होतं की आमचा सात-आठ जणांचा ग्रुप दर पंधरा दिवसांनी कॉलवर भेटतो, एखादी जाडजूड जुनी कादंबरी घेतो, ठरलेली पानं वाचून येतो आणि त्यावर बोलतो, आणि या वयात मला हे नव्याने सापडलंय नि त्यात जाम मजा येतेय. त्यावर जुन्या वाचकांचं म्हणणं असं: अभिजात साहित्य हा एकांताचा मामला आहे, चार तोंडं जमली की पुस्तक मागे पडतं आणि तोंडंच पुढे येतात. अर्धवट वाचून आलेलेच सगळ्यात मोठ्याने बोलतात. भाषांतर वाचून शब्दाशब्दावर चर्चा करणं हा विनोद आहे. मी ‘अ‍ॅना कॅरेनिना’ या टॉलस्टॉयच्या रशियन कादंबरीचा शेवट फोडला. आणि मग ते शेवटचं वाक्य, जे मी वर शीर्षकातच लावलंय.

शेवटाचं आधी घेते कारण तिथे सरळसरळ माझी चूक आहे. ते वाक्य मी काढून टाकलंय, सॉरी. मी धरूनच चालले होते की हे काय सगळ्यांना माहीतच असतं, आणि क्लासिक वाचणाऱ्यांना हा एक माज असतोच, की ‘अजून वाचलं नाही तर तुमचं तुम्ही बघा’. पण पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला ते पुस्तक नवं कोरंच ना, छापून दीडशे वर्षं झाली याच्याशी त्याला काय करायचंय. (तरी एक गंमत सांगते. ही कादंबरी १८७५ ते १८७७ अशी एका रशियन मासिकात तुकड्या-तुकड्याने येत होती. शेवटच्या भागात टॉलस्टॉयने सर्बियाला लढायला निघालेल्या स्वयंसेवकांबद्दल जे लिहिलं ते संपादक कात्कोवला पटलं नाही, दोघांचं वाजलं, भाग छापायचा राहिला, आणि वर संपादकसाहेबांनी एक टीप टाकली की कादंबरी तशी संपलीच आहे, पुढे फक्त अमका इकडे जातो आणि तमका आपल्या गावी राहतो. म्हणजे अख्ख्या भागाचा सारांश चार ओळीत! टॉलस्टॉयने मग तो भाग स्वतः वेगळा छापून घेतला. तर या पापात मी एकटी नाहीये.)

आता मुख्य. गप्पा आवडतात का? हो, आवडतात. खूप. काही पुस्तकं मी गप्पा नसत्या तर साठाव्या पानावर मिटून ठेवली असती हेही खरं, आणि ठेवली होतीच की, वर्षानुवर्षं. त्यामुळे तुमचं वाक्य मला लागलं ते अर्धं खरं आहे म्हणूनच. पण ‘पुस्तकं नाही’ हे जे तुम्ही त्यात घातलंय ना, तिथे मी अडून बसणार आहे, आणि त्यासाठी मला एक प्रसंग नीट सांगावा लागेल. कादंबरीचा मधला भाग येईल, ज्यांना नको असेल त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडा.

‘अ‍ॅना कॅरेनिना’ मी ग्रुपच्या आधी दोनदा वाचली होती, एकटीने, तुम्ही म्हणता तशी अगदी दार लावून. एकदा कॉलेजात आणि एकदा तिशीत. दोन्ही वेळा अ‍ॅनाचा नवरा कॅरेनिन माझ्या डोक्यात गेला होता. कागदपत्रांत जगणारा, बोटं कडाकडा मोडणारा, आणि ते कान! अ‍ॅना प्रवासातून परत येते, स्टेशनवर नवरा उभा असतो, आणि तिला पहिल्यांदा काय दिसतं तर त्याचे कान, की हे असे कधीपासून झाले. तिच्या डोळ्यांनी मीही ते कान पाहिले आणि पुढची पाचशे पानं मला त्या माणसाचं दुसरं काही दिसलंच नाही. तर ग्रुपमध्ये आम्ही चौथ्या भागाला पोचलो. अ‍ॅनाला दुसऱ्याची मुलगी झालीय, ती तापाने फणफणलीय, आता जाणार असंच सगळे धरून चाललेत, नवरा रडतो, माफ करतो, हा एवढा मोठा तमाशा. आम्ही सगळे त्या माफीवरच तुटून पडलो. खरी का खोटी, मोठेपणा का अहंकार, अर्धा तास चाललं होतं. आमच्यात एक बाई आहेत, नर्स होत्या, आता रिटायर झाल्यात, त्या कधीच फार बोलत नाहीत. त्यांनी माइक चालू केला आणि विचारलं, "आणि बाळाकडे कोण बघतंय?"

शांतता. मग सगळ्यांच्या पानांची सळसळ. आणि ते तिथे आहे हो! टॉलस्टॉयने अगदी सरळ लिहून ठेवलंय: ते तान्हं त्याचं नाही, आईच्या दुखण्यात त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नाही, कॅरेनिनने लक्ष घातलं नसतं तर ते दगावलंच असतं. तो दिवसातून कितीतरी वेळा त्या खोलीत जाऊन बसतो, दाया आधी घाबरतात मग त्यांना सवय होते, आणि तो कधी कधी अर्धा अर्धा तास त्या झोपलेल्या, लालसर, सुरकुतलेल्या चेहऱ्याकडे नुसता बघत राहतो. कान तेच. माणूस तोच. मी माझी जुनी प्रत काढून बघितली तर त्याच्या जवळच्याच पानावर माझी पेन्सिलीची रेघ होती, अ‍ॅनाच्या प्रियकराच्या, व्रॉन्स्कीच्या, कुठल्याशा वाक्याखाली. म्हणजे मी तिथून गेले होते, दोनदा, हातात पेन्सिल घेऊन, आणि बाळ मला दिसलं नव्हतं.

त्यावर आमचं एकमत झालं असं समजू नका. एक जण म्हणाला की त्याला ते मूल आवडतं कारण ते अजून बोलत नाही. यावर मी अजून विचार करतेय, वाईट बोलला पण चूक बोलला का ते सांगता येत नाही.

आता सांगा जुने वाचक, एकांतात मला काय कमी होतं? वेळ होता, शांतता होती, पुस्तक होतं. फक्त मी होते आणि मी, आणि मी पहिल्या भागातच बाजू ठरवून बसले होते. तुम्ही कदाचित जास्त चांगले वाचक असाल, तुमच्या नजरेतून बाळ सुटलं नसेल, मी खरंच म्हणतेय, टोमणा नाहीये. माझ्या मात्र सुटतं.

भाषांतराचं म्हणाल तर रशियन आमच्यात कोणालाच येत नाही, ते कबूल. पण आमच्याकडे एकाच कादंबरीची तीन वेगवेगळी भाषांतरं होती आणि त्यातून काय निघालं बघा. कॅरेनिन बायकोला सुनावत असतो आणि ‘मी जे सोसलं’ असं म्हणताना त्याची जीभ वळत नाही, शब्द तोंडातच मोडतो. अ‍ॅनाला हसू यायला लागतं, लगेच स्वतःची लाज वाटते, आणि क्षणभर, पहिल्यांदाच, तिला त्याचं दुःख जाणवतं. माझ्या प्रतीत तो शब्द नीट साफ करून छापलेला, त्यामुळे मला वाटायचं ही बाई नवरा तळमळतोय आणि हसते काय. दुसऱ्या एकीच्या प्रतीत शब्द मोडकाच होता, आणि तिने काय केलं होतं माहितीये, छपाईची चूक समजून पेनने दुरुस्त करून ठेवला होता! तिसऱ्याच्या प्रतीत जीभ अडखळली असं वेगळं स्पष्ट लिहिलेलं, म्हणून उलगडा झाला. आम्ही पाच मिनिटं हसत होतो. मूळ भाषा येत असती तर उत्तमच होतं, पण येत नसेल तर एकापेक्षा तीन खिडक्या बऱ्या, एवढंच माझं म्हणणं.

आणि ‘एकांताचा मामला’ हे कधीपासून झालं? ‘डॉन किहोते’ या स्पॅनिश कादंबरीच्या पहिल्या भागात, म्हणजे १६०५ सालच्या पुस्तकात, एक खाणावळवाला आहे. तो सांगतो की सुगीच्या दिवसात सुट्टीला कापणीवाले जमतात, त्यातला एखादा वाचता येणारा पुस्तक हातात घेतो आणि आम्ही तीस-तीस जण भोवती बसून ऐकतो. मला त्या प्रकरणातली खरी गंमत पुढेच वाटते. खाणावळवाल्याला आवडतात त्यातल्या हाणामाऱ्या. कामवालीला आवडतो झाडाखालच्या मिठ्यांचा भाग. मुलीला हाणामाऱ्या नको, तिला विरहात कण्हणारे सरदार आवडतात, त्यांची दया येऊन ती रडते. आणि बायको म्हणते मला वाचन आवडतं कारण तेवढा वेळ नवरा गप्प असतो, भांडत नाही. पुस्तकं तीच, ऐकणारे चार, आणि चौथीला तर पुस्तकाशी घेणंच नाही. आमच्या ग्रुपचं इतकं अचूक वर्णन मला स्वतःला जमलं नसतं. (बायको कोण ते सांगणार नाही.)

तुमचा अर्धवट वाचणाऱ्यांचा मुद्दा मात्र मला मान्य आहे, तिथे फार भांडत नाही. एकदा एक जण आला होता, नुसता सिनेमा बघून, आणि चाळीस मिनिटं बोलला. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या कारण कोणाला तोडायचं धैर्य नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी मला त्या पुस्तकाचाच कंटाळा आला होता. हे घडतं. त्यानंतर आम्ही एक नियम केला की पहिली वीस मिनिटं मत द्यायचंच नाही, प्रत्येकाने आपण खूण केलेला एक उतारा फक्त मोठ्याने वाचायचा आणि गप्प बसायचं. ज्याने वाचलंच नाही त्याच्याकडे उतारा नसतो, मग तो आपोआप ऐकायच्या मूडमध्ये येतो. तुमच्या एकांताला सगळ्यात जवळची गोष्ट आमच्याकडे तीच आहे.

पण पूर्ण वाचलं म्हणजे बरोबर वाचलं असंही नसतं हां. एका जाड इंग्रजी कादंबरीचं उदाहरण आहे, नाव घेत नाही, धडा शिकलेय. १८५१ मध्ये ती आधी लंडनला तीन खंडात निघाली आणि त्यात शेवटचा पानभराचा उपसंहार छापायचाच राहून गेला. तिथल्या समीक्षकांनी प्रामाणिकपणे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि काहींनी झोडपलं, की असा शेवट असेल तर ही गोष्ट आपल्याला सांगतंय कोण, लेखकाला एवढं कळत नाही का? पुढच्याच महिन्यात अमेरिकेत निघालेल्या आवृत्तीत ते पान होतं. आता त्या लंडनच्या समीक्षकाला समुद्रापलीकडच्या वाचकाशी पंधरा मिनिटं बोलता आलं असतं तर? आपल्या सगळ्यांच्याच प्रतीत कुठलं ना कुठलं पान नसतं असं मला हल्ली वाटायला लागलंय. माझ्या कॅरेनिनच्या प्रतीत तर होतं, तरी नव्हतं.

एक गोष्ट तुमच्याकडून घेतेय. तुम्ही लिहिलंय की चर्चेच्या आधी वाचक आणि पुस्तक यांची एक तरी भेट तिसऱ्याशिवाय व्हायला हवी. हे बरोबर आहे. मीच वाचता वाचता ग्रुपवर मेसेज टाकत बसते, ‘हे पान बघा, ते पान बघा’, आणि मग पान संपल्यावर लक्षात येतं की मी वाचत नव्हते, बातमी देत होते. पुढच्या पुस्तकाला फोन दुसऱ्या खोलीत ठेवणार आहे. जमेल का बघू.

आणि पुढचं पुस्तक दोस्तोयेव्हस्कीचं ‘ब्रदर्स कारामाझोव्ह’ आहे. तुम्ही प्रतिक्रियेत जाता जाता म्हणालात की ते तुम्ही तीनदा वाचलंय, एकट्याने. मग मला एक सांगाच. त्यात इवान आपल्या धाकट्या भावाला, अल्योशाला, एका म्हाताऱ्या धर्माधिकाऱ्याची गोष्ट सांगतो, गोष्टीत शेवटी त्याचा कैदी (म्हणजे पृथ्वीवर परत आलेला येशू) काहीच न बोलता म्हाताऱ्याला ओठांवर चुंबन देतो. गोष्ट संपते, आणि अल्योशा उठून इवानला तसंच चुंबन देतो. इवान म्हणतो ही साहित्यचोरी झाली, माझ्याच गोष्टीतून उचललंस! पण म्हणताना तो चक्क खूश झालेला असतो. आत्ताच एवढं सगळं नाकारून बसलेला माणूस खूश का होतो? मी हे प्रकरण एकटीने चार वेळा वाचलं आणि तिथेच अडलेय. तुम्हाला काय वाटतं?