दहापैकी दहा

सकाळी पोळ्या लाटत होते आणि फोन वाजला. "मॅडम, आपण आमच्या सर्व्हिस सेंटरला भेट दिली होती. अनुभव कसा वाटला? दहापैकी दहा द्याल ना?" पोरगी गोड बोलत होती, तिच्यावर कशाला ओरडायचं, म्हणून 'नंतर सांगते' म्हणून ठेवला. तोवर तव्यावरच्या पोळीचा कोळसा. डोकं मात्र अजून तापलेलंच आहे, तेव्हा इथे ओकते.

आईचा मोबाइल. १६ हजारांचा, घेऊन ८ महिने झालेले, वॉरंटी वर्षाची. चिपळूणहून माझ्याकडे पुण्याला आली तेव्हा चार्जिंगच होईना. वायर वाकडी धरायची, खाली पंचांग टेकवायचं, मग होतं. कुणी शेजारून गेलं की बंद. म्हटलं वॉरंटी आहे, कशाला काळजी. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला टोकन घेऊन दीड तास बसलो. काउंटरवरच्या मुलाने सिमचा ट्रे काढला, आत टॉर्चचा उजेड मारला आणि मान हलवली. आत बाजरीच्या दाण्याएवढा एक पांढरा ठिपका असतो, पाणी लागलं की लाल होतो. आईचा गुलाबी झाला होता. खेळ खलास. वॉरंटी बाद, मदरबोर्ड बदलावा लागेल, ११ हजार ८०० रुपये, डेटा सगळा जाईल, इथे सही करा.

"अरे बाळा, पाण्यात नाही रे पडला," आई म्हणाली. तर म्हणे, सिस्टीममध्ये लिक्विड डॅमेज टाकलंय, आता काढता येत नाही.

अहो, चिपळूणला आषाढात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं! फोन विकताना कोकणात पाऊस पडतो हे ठाऊक नव्हतं का? जाहिरातीत फोनवर बादल्या ओततात, खोक्यावर पाण्यात टिकण्याचं आयपी अमुक-तमुक रेटिंग छापतात, आणि वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहितात की पाण्याने झालेलं नुकसान यात धरलेलं नाही. याला आमच्याकडे शुद्ध मराठीत चोरी म्हणतात.

आईला पैशांचं काही नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "मग ते अभंग?" मंगळवारच्या भजनी मंडळाचं सगळं रेकॉर्डिंग त्या फोनमध्ये. त्यातल्या दोघी आता नाहीत. बॅकअप वगैरे तिला कोण सांगणार. मीच सांगायला हवं होतं, नाही सांगितलं.

सही केली नाही. दुसऱ्या दिवशी पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीत गेलो. वीत-दीड वीत रुंदीचं टेबल, त्यावर मायक्रोस्कोप, विशी-बाविशीचा पोरगा. फोन उघडला, पाहिलं, म्हणाला, "सीसी गेलाय काकू, बोर्डाला काही नाही झालेलं." सीसी म्हणजे चार्जिंगचा तो छोटासा जॅक, त्याने गरम हवेने उचलला, आईच्या तळहातावर ठेवला. आतली एक पिन काळी पडलेली आणि कोपऱ्यात पर्समधलं दोऱ्याचा बोळा. पंचवीस मिनिटं. ३५० रुपये. अभंग जागच्या जागी.

११ हजार ८०० आणि ३५०. पुन्हा वाचा.

आता कुणीतरी येईलच सांगायला की बाहेर फोन उघडला की वॉरंटी जाते. वॉरंटी त्यांनी आधीच घालवली होती, आणखी काय जायचं होतं? हो, मान्य, गल्लीतली बॅटरी फुगते, डुप्लिकेट फोल्डर, म्हणजे स्क्रीन, महिन्यात पिवळा पडतो. माझ्याही बाबतीत झालंय. पण ओरिजिनल पार्ट त्या पोराला कंपनी विकतच देत नसेल तर तो बसवणार काय, कपाळ?

आमचा कुकर एकतीस वर्षांचा आहे. रिंग कुठल्याही भांडीवाल्याकडे मिळते, शिटी मिळते, कान मिळतो. कुणी विचारत नाही की तुम्ही यात डाळ जास्त भरली होती का. गाड्यांच्या बाबतीत हाच प्रश्न स्पर्धा आयोगापुढे गेला होता. बाहेरच्या गॅरेजांना सुटे भाग न देणाऱ्या १४ कंपन्यांना २०१४ साली अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता. मग फोनवाले कोण लागून गेले? २०२२ च्या जुलैत केंद्राने 'राइट टू रिपेअर'साठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टलही आलं. पोर्टल! कायदा कुठाय? युरोपात २० जून २०२५ पासून नियमच आहे: मॉडेलची विक्री थांबल्यावरही ७ वर्षं सुटे भाग द्यायचे. आपल्याकडे आठव्या महिन्यात ठिपका दाखवतात.

१९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार टाकली आहे. भांडायला वेळ आहे मला. शिवाय ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी नोंद घ्या, माझ्यासारखं खुर्चीवर गप्प बसून येऊ नका.

लिहिता लिहिता जरा निवळलेय. तो काउंटरवरचा मुलगाही कुणाचा तरी पोरगाच. दुपारी साडेतीन वाजता त्याचा डबा तसाच बांधलेला दिसत होता, ठिपका बघा आणि सही घ्या एवढंच त्याला शिकवलंय.

हे टाइप करतानाच मेसेज आला, 'आपले रेटिंग अद्याप प्राप्त झालेले नाही.' आईला विचारलं, किती देऊ? तर म्हणे, दे पाच तरी. त्या मुलाने पाणी विचारलं होतं.