हाची नक्की कोणाची?

रविवारी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर ‘नाना’ या जपानी चित्रकथेचा विषय पुन्हा निघाला: तिच्यातल्या हाचीचं प्रेम कोणावर, नोबूवर की टाकुमीवर? काढला सुम्यानं, तोंडात वडापाव असताना.

“काही म्हणा, हाचीचं खरं प्रेम नोबूवरच होतं. टाकुमी म्हणजे नाइलाज.”

अभ्याला एवढं पुरतं. त्यानं खिशातलं पेन काढलं. वाद कसलाही असो, याला हवेत मुद्दे टिपल्याशिवाय बोलता येत नाही. “एक, मिळकत. दोन, शिरोगानेत घर. शिरोगाने, तोक्योमधलं! तीन, पोटात मूल आणि बाप कोण ते नक्की नाही. तेव्हा ‘कोणाचंही असो, माझं म्हणेन’ असं कोण म्हणालं? टाकुमी. तुमचा नोबू कुठे होता?”

“घाबरला रे तो. विशीतलं पोर.”

“आणि टाकुमी काय पेन्शनीत निघाला होता?”

“पैसा बघून प्रेम होत नाही अभ्या.”

“प्रेम नाही होत. बाळंतपण होतं.”

अभ्या स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन कटिंग आणायला उठला. रेवा तोवर कठड्यावर पाय हलवत शेंगा सोलत होती. तिनं टरफलं कागदात गोळा केली आणि म्हणाली, “तुम्ही दोघं हाचीसाठी स्थळं बघताय. ती स्वतः काय बोलते, ते ऐकलंय का कोणी?”

“म्हणजे?”

“अरे, निवेदन कोणाचं आहे? हाचीचं. आणि ती बोलते कोणाशी? मैत्रिणीशी. ‘ए नाना, आपली पहिली भेट आठवते तुला?’ नोबूला हाक नाही, टाकुमीला नाही. दर वेळी नाना!”

शेवटचं ‘नाना’ जरा मोठ्यानं गेलं. फेरी मारणारे एक पांढऱ्या बुटातले आजोबा थबकले. “काय गं, मला काही म्हणालीस?”

“नाही हो नाना, आमची जपानी नाना.”

“बरं बरं,” म्हणून ते पुढे गेले. पुढच्या फेरीला आमच्यापाशी येताच त्यांचा वेग कमी झाला, हे सगळ्यांनी पाहिलं.

मला रेवाचं म्हणणं पूर्ण पटतं, आणि आजचं नाही, कित्येक वर्षांचं. बर्फात अडकलेल्या गाडीत शेजारी बसलेल्या दोन मुली, दोघींचं नाव एकच, नाना; हाची हे त्यातल्या एकीचं टोपणनाव. मग ७०७ नंबरची खोली, कारण जपानीत नाना म्हणजे सात. मग हाचीनं हौसेनं आणलेले स्ट्रॉबेरीचे दोन ग्लास. त्यातला एक फुटतो, तेव्हा माझ्या पोटात जे तुटलं ते नोबूच्या ताटातुटीत नाही तुटलं. टाकुमीचं प्रकरण नानाला कसं सांगायचं, या धास्तीनं ती पोरगी अर्धी होते. ज्याच्या नजरेतून उतरण्याची माणसाला एवढी भीती, तिथेच त्याचा जीव अडकलेला असतो. नोबूबरोबरचे तिचे दिवस खोटे होते असं मी म्हणणार नाही. ती त्याच्याजवळ मोकळेपणानं हसते, ते चित्रांत दिसतं. पण पुढे कितीतरी वर्षांनी, लग्न आणि मुलगी झाल्यावरही, ती वाट बघते ती नानाची.

“पण त्याला प्रेम कसं म्हणायचं? मैत्री आहे ती,” सुम्या.

“म्हणू नकोस ना. नाव तू ठेव. मी फक्त म्हणते, त्रिकोणाचा तिसरा कोपरा तुम्ही चुकीचा धरलाय.”

“माझा नोबू तरी शेवटपर्यंत...”

“तुझा नोबू पुढे युरीबरोबर होता.”

सुम्या गप्प. अभ्या चहा घेऊन आला आणि त्याला वाटलं आपण जिंकलो. “बघा! टाकुमीशी लग्न झालं, पोर झाली, विषय संपला.”

“लग्न झालं म्हणजे विषय संपला? थांब, तुझ्या बायकोला फोन लावते. आणि टाकुमीच्या बँडमधल्या गायिकेचं, त्या रेइराचं काय?”

अभ्यानं पेन खिशात ठेवलं.

“विषय संपेल कसा?” मी म्हटलं. “२००० मध्ये ‘कुकी’ मासिकात सुरू झालेली गोष्ट, २००९ मध्ये लेखिका याझावाबाई आजारी पडल्या तेव्हापासून थांबली आहे. एकवीस खंड झाले, आणि नाना अजून घरी आलेली नाही.” हे बोलताना माझा आवाज जरा चढला असेल. त्या बाईंना बरं वाटावं आणि त्या दोघी एकदा तरी समोरासमोर याव्यात, असं मला मनापासून वाटतं.

क्षणभर कोणी बोललं नाही. मग सुम्या हळूच म्हणाला, “टाकुमी ते मुलाबद्दल म्हणतो, ते कुठल्या खंडात आहे?”

रेवा शेंग सोलता सोलता थांबली. “तू वाचलं नाहीस?”

“मधले वाचले नाहीत. आठवा अभ्याकडे आहे. दोन वर्षं.”

“माझ्याकडे? मी केव्हाच परत केला!”

“कोणाला? तो खंड माझा आहे,” रेवा म्हणाली. “पहिल्या पानावर माझं नाव आहे आणि कोपऱ्यात तुझ्याच वडापावचा डाग आहे. आणि हाची म्हणजे आठ! म्हणजे दोन वर्षं हाचीला घरात कोंडून तू आम्हाला टाकुमीची बाजू सांगतोयस.”

सुम्याला हसताना ठसका लागला. अभ्या “कपाट बघतो, कपाट बघतो” करत राहिला. तेवढ्यात पांढरे बूट तिसऱ्या फेरीला आले आणि आजोबांनी न थांबता विचारलं, “मग, आली का घरी नाना?”