नट चढणार नाही!

गोल आट्यांचा नट-बोल्ट कॅडमध्ये (संगणकावरच्या ड्रॉइंगमध्ये) कसा काढायचा, यावरच्या लेखात बोल्टच्या आट्यांचंच स्केच जसंच्या तसं नटमधून वजा केलंय. कागदावर छान, पण दोघांत जागाच उरत नाही, नट चढायचा नाही. डिन ४०५ (गोल आट्यांचं जर्मन मानक) चं प्रमाण धरा: बोल्टच्या आट्यांच्या गोलाईची त्रिज्या ०.२३८५ × पिच (शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर), नटच्या आट्याच्या मुळाशी (खाचेच्या तळाशी) ०.२२१ × पिच, माथ्याशी ०.२५६ × पिच. पिच ५ मिमी असेल तर अनुक्रमे १.१९, १.११ आणि १.२८ मिमी. नटचा मोठा व्यास बोल्टपेक्षा ०.१ पिच जास्त.

स्वीप (स्केच मळसूत्री रेषेवरून फिरवून आटे काढणारी कॅडमधली कमांड) फेल होतोय? स्केचची रुंदी पिचपेक्षा ०.०१ मिमी कमी ठेवा, शेजारचे वेढे एकमेकांत घुसत नाहीत.

लेथवर आटे कापताना फॉर्म टूल (आट्याच्याच आकाराचं टूल) सुरुवातीपासून पूर्ण रुंदीने घातलं की चॅटर (टूलची थरथर) ठरलेला. आधी अरुंद गोल टूल झेडमध्ये (बोल्टच्या लांबीच्या दिशेने) मागेपुढे सरकवून खाच मोकळी करा. फॉर्म टूलला शेवटचे ०.२ मिमीच ठेवा.